आक्कांच्या ज्वारीवर आमचा हॉल

आमच्या बजाजनगरला इतिहास नाही, असा निकाल परवा कंपाउंडच्या भिंतीवर लागला आणि मेथीची जुडी निवडून व्हायच्या आत फिरलासुद्धा.

निमित्त शाळेचं. शेजारच्या खानदेशी वहिनींच्या नातवाला 'माझ्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प दिलाय. पोरगं सहावीत. त्यानं आधी दौलताबादचा किल्ला लिहिला, मग बीबी का मकबरा लिहिला. वहिनी म्हणाल्या, "का रे भाऊ, आपण मकबऱ्यात राहतो का?" तर हा म्हणतो, "मग काय लिहू? इथं कंपन्या, चौक आणि पाणीपुरीचे गाडे. त्याला काय इतिहास म्हणतात?"

वहिनी भिंतीपाशी आल्या त्या तणतणतच. मी म्हटलं, "पोराचं चुकलं कुठं? तुमचं गाव चोपड्याकडचं, माझं मेहकर. आपण नोकरीपायी आलो. दिवाळीला सगळी गल्ली 'गावाला' जाते, कुलपं तेवढी मागं राहतात. इथला इतिहास सांगायचा कुणी?"

तेवढ्यात डाव्या अंगाच्या भिंतीवरून आवाज आला, "काहून? आम्ही मेलो का?"

आक्का. मूळच्या वडगाव कोल्हाटीच्या सूनबाई, आता वयानं आमच्या रांगेत सगळ्यांत मोठ्या. रान संपादनात गेलं, मुलानं नंतर इथंच घर घेतलं. तेव्हापासून ओट्यावर बसून सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकतात आणि मोजून चार शब्द बोलतात. त्या दिवशी मात्र मोजमाप सुटलं.

"तुझ्या हॉलमधी टीव्ही ठेवला ना माय, तिथं आमची दगडी ज्वारी हुभी ऱ्हायची. पुरुषभर. तुझ्या न्हाणीच्या जागी बोरीचं झाड. पोरं बोरं पाडायची अन् आमचे सासरे दगड घेऊन मागं लागायचे. इतिहास नाही म्हणे!"

वहिनींनी एकदा माझ्या हॉलकडं बघितलं, एकदा आक्कांकडं. मी मुकाट्यानं मेथीचा एक देठ खुडला. इतकी वर्षं हप्ते फेडून ज्याला आपलं घर म्हणतो, तिथं आधी कुणाची बोर होती याचा विचार कोण करतं?

आक्का म्हणाल्या, "आण त्या पोराला इकडं. वही आणायला सांग." आणि आत गेल्या. आल्या त्या पत्र्याच्या पेटीतली दुधाची पिशवी घेऊन. पिशवीत कागद. जुना सातबारा, घड्यांच्या जागी चिकटपट्टी लावलेला, एक कोपरा वाळवीनं नेलेला. त्याला चिकटून खासरा पत्रकाची नक्कल. नाव सासऱ्यांचं, मग त्यांच्या भावाचं, मग जमीन एकरात आणि गुंठ्यांत, मग पिकांचा रकाना : ज्वारी, बाजरी, तूर, थोडी कपाशी. खाली 'विहीर १'. पोरगं बोटानं एकेक ओळ वाचत होतं. 'विहीर १' वाचून त्यानं विचारलं, "आक्का, ही विहीर कुठंय आता?"

"रस्त्याखाली. तुझी शाळेची बस रोज तिच्यावरून जाती."

पोरानं वही उघडली. मकबरा खोडला.

आमच्या भिंतीवर एक विषय निघाला की समोरचे नाना आल्याशिवाय राहत नाहीत. नाना कंपनीतून रिटायर झालेले, पण अंगातली पहिली पाळी गेलेली नाही. पहाटे उठून गेटपर्यंत फेरी मारून येतात. तारखा त्यांच्या तोंडपाठ. ते सायकल भिंतीला लावून म्हणाले, "लिही रे. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४. उद्घाटन ५ नोव्हेंबर १९८५, राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते. हा आपल्या गावाचा वाढदिवस."

"तुमच्या गावाचा," आक्का म्हणाल्या. "आमच्या गावाला वाढदिवस नसतो. ते हायेच."

नाना जरा वरमले. मग आक्का पोराकडं वळून सांगायला लागल्या, आणि खरं सांगते, मेथी तशीच पडून राहिली.

त्यांच्या सासऱ्यांनी निजामाचं राज्य बघितलेलं. रझाकार येताहेत म्हटलं की बायापोरं रानात लपायची, असं ते सांगायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान खालसा झालं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. राज्य तीनदा बदललं, पण सासऱ्यांच्या मते फरक एवढाच पडला की तलाठ्याचे कागद उर्दूतले मराठीत आले. सारा तसाच भरायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ. आक्का नव्यानं नांदायला आलेल्या. "अंगावरची हळद वाळली नव्हती अन् हातात घण आला," म्हणाल्या. खडी फोडायची, बंडिंगवर माती वाहायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. तिची भाकरी थापता थापता फाटायची. पोरांना सुकडी मिळायची, तीसुद्धा अर्धी आया खायच्या. "त्या साली जमीन असून आम्ही मजूर झालो. म्हणून पुढं कंपनी येती म्हटल्यावर घरात दोन तट पडले. सासरे म्हणाले, काळी आई विकायची नाही. धाकटे दीर म्हणाले, आईनं बहात्तरला काय दिलं?"

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग काय? सरकारला घ्यायची असली की विकायची नाही म्हणून भागतं का? घेतली. मावेजा आला. सासरे महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. दिरांनी एम-एटी घेतली."

बजाजची एम-एटी १९८६ मध्ये आली. ज्यांच्याकडं मावेजा आला त्यांच्या दारात ती आधी दिसली, हे आक्कांचं निरीक्षण. तिच्यावर दुधाच्या कॅना, कडब्याच्या पेंढ्या, नवरा-बायको आणि मधी एक पोर, असं सगळं जायचं. "जमीन बजाजला दिली अन् पैसा बजाजलाच दिला," आक्का म्हणाल्या. "राहिलं काय? हॉर्न."

नाना हसले, पण त्यांना आपली बाजू मांडल्याशिवाय चैन पडेना. "आक्का, आम्ही तरी कुठं मजेत आलो? एका खोलीत सहा जण. वर पत्रा. उन्हाळ्यात पत्र्यावर पोतं ओलं करून टाकायचो. तीन जण रात्रपाळीला, तीन जण दिवसपाळीला. म्हणून गाद्या तीनच. गादी कधी गार झाली नाही. वातीचा स्टोव्ह, खिचडी, नाहीतर मेसचा डबा. गावी पत्र लिहायचो की क्वार्टर मिळालंय."

"अन् लग्नाच्या वेळी?" वहिनींनी कोपरखळी मारली. चिमटा बरोबर बसला. त्या काळी बुलढाणा, जळगाव, जालना, बीड, नगर, सगळीकडं मुलीचे वडील एकच प्रश्न विचारायचे : मुलगा परमनंट आहे का? शिक्षण, शेती, घरदार नंतर. माझ्या वडिलांनीही तोच विचारला होता. नवरा तेव्हा ट्रेनी होता. 'होईलच,' असं उत्तर आलं आणि त्या एका शब्दावर मी मेहकर सोडलं.

बजाज आलं, त्याच्यामागं त्याला सुटे भाग पुरवणारे आले. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक अशी नावं मोठी झाली. मग आणखी कंपन्या, मग टेम्पो, मग लेथ मशीनची दुकानं. एमआयडीसीनं राहण्यासाठी भूखंड पाडले आणि आमचे पत्ते तयार झाले : आर.एल., आर.एम., आर.एच. आणि पुढं आकडा. माहेरी पत्र जायचं तेव्हा आई पोस्टमनला विचारायची, हा घराचा पत्ता आहे की मोटारसायकलचा नंबर?

पोरगं लिहीत होतं. मधेच त्यानं विचारलं, "आक्का, पण इतिहासात देऊळ पाहिजे ना. मॅडम म्हणाल्या, प्राचीन वास्तू लिहा."

यावर तिघांनी एकदम तोंड उघडलं. कारण देवाच्या बाबतीत बजाजनगर कुणाला हार जाणार नाही. नगर रस्त्यावर आपलं पंढरपूर आहे, जिल्हा ज्याला छोटं पंढरपूर म्हणतो. आषाढीच्या आदल्या रात्रीपासून शहरातून माणसं पायी निघतात. दिंड्या, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, खांद्यावर झोपलेली पोरं. नगर रस्त्यावरची वाहतूक वळवावी लागते. रात्रपाळी सुटलेला माणूस हातातला डबा तसाच घेऊन रांगेत उभा राहतो. ज्याला सोलापूरजवळच्या पंढरपूरला जायला रजा मिळत नाही, त्याच्यासाठी विठोबा आपल्या वेशीवर उभा आहे, ही आक्कांची श्रद्धा आहे, आणि पाळीत काम केलेल्या कुणालाही ती पटते.

दुसरी मोहटादेवी. ती मूळची पाथर्डी तालुक्यातल्या मोहट्याची, गडावरची. आपल्या वसाहतीत तिचं देऊळ झालं, चौकाला तिचं नाव पडलं, नवरात्रात यात्रा भरायला लागली. नगरकडची माणसं कामाला आली तशी त्यांची देवीही आली. "वहिनी, तुम्ही शेवभाजी आणली, ही काळा मसाला घेऊन आली, नगरवाल्यांनी देवी आणली," नाना म्हणाले. "सामान ज्याचं त्याचं, ठेवायला जागा आक्कांची."

आता नानांना विलायत आठवली. लेक तिकडं कॉव्हेंट्रीच्या बाजूला असते, जावई मोटारींच्या धंद्यात. मागं व्हिडिओ कॉलवर तिनं बापाला जवळचं एक खेडं दाखवलं. पाचपन्नास घरं, एक चर्च, एक ओढा. पण गावाच्या पाटीखाली सन १०८६ ! नानांनी चौकशी केली तर कळलं की विल्यम राजानं त्या साली जवळजवळ अख्ख्या इंग्लंडची पाहणी करवली होती. कुठल्या गावात नांगर किती, गिरण्या किती, कुरण किती, डुकरांना चरायला रान किती, सगळं लिहून घेतलं. डुम्सडे बुक म्हणतात त्याला. त्या काळच्या बखरकारानं कुरकुर करून ठेवलीय की राजानं एक गाय, एक डुक्करसुद्धा मोजायचं सोडलं नाही. पुढं १५३८ पासून चर्चच्या वहीत प्रत्येकाचा बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी. म्हणून तिथल्या एवढ्याशा खेड्यातली रिटायर माणसं मंडळ काढून बसतात आणि आपल्या गल्लीचा पाचशे वर्षांचा इतिहास छापतात.

"मोजायला काय, आपल्याकडं नव्हते मोजत?" आक्का म्हणाल्या. "सारा का अंदाजानं घ्यायचे?"

आणि बाई अगदी बरोबर बोलल्या. ज्या मलिक अंबरानं १६१० च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आपलं आजचं शहर, त्याचं खरं नाव जमिनीच्या धाऱ्यासाठीच आहे. रान बघायचं, त्याची प्रत ठरवायची, पीक किती येतं त्यावर सारा बांधायचा. दख्खनमधली ही पद्धत पुढच्या राजवटींनाही टाळता आली नाही. कुळाच्या नोंदी म्हणाल, तर त्र्यंबकेश्वरी जा. तिथले उपाध्याय बाड काढतात आणि पणजोबा कोणत्या साली, कुणाला बरोबर घेऊन आले ते वाचून दाखवतात. तेव्हा कागदांचा तोटा आपल्यालाही नाही. ते देवापाशी आहेत, तलाठ्यापाशी आहेत आणि आक्कांच्या दुधाच्या पिशवीत आहेत. एका जागी बसून वाचणारं मंडळ तेवढं नाही.

"आमच्याही नोंदी आहेत की," नाना म्हणाले. "गेटवरचं हजेरीचं मशीन."

"त्यात माणूस आला-गेला तेवढं कळतं. कुणाचा कोण ते कळतं का?" आक्कांनी विचारलं. नानांनी सायकलची घंटी उगाच वाजवली.

माझ्या माहेरी त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' होतं, १९१५ सालचं पुस्तक. पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट. कोण काय करतो, खळ्यावर कुणाला किती पेंढ्या मिळतात, कोण कुणाला कसं नाडतो, सगळं त्यात आहे. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळं गावाचं कौतुक कमी आणि हिशेब जास्त. मला वाटलं, आज कुणी आपल्या वसाहतीचा गावगाडा लिहिला तर? फिटर, टर्नर, वेल्डर, पेंटशॉपवाला, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, डबे पुरवणारी मावशी, लेबर पुरवणारा ठेकेदार, खोल्या भाड्यानं देणारा मूळ गावकरी. खळं कंपनीचं, सुगी पगाराची. आणि पगाराच्या दिवशी किराणावाला, दूधवाला, भिशीवाली, हप्तेवाला दारात उभे. नाडणूकही तीच. पूर्वी बलुत्याला पेंढी कमी द्यायचे, आता कंत्राटी पोराला परमनंट करायच्या आधी ब्रेक देतात.

वहिनींना मात्र वेगळीच खदखद होती. "ते सगळं राहू द्या. पाटोद्याचं लिही रे. बघा म्हणा, इथंच शेजारी आहे. भास्करराव पेरे पाटलांनी काय गाव केलं! कर भरला की वर्षभर दळण फुकट. नळाला मीटर. आणि आपण? पीठ दळायला पैसे, पाण्याला टँकर, कर भरूनही गटार उघडंच."

"तिथं गाव होतं आधी," नाना म्हणाले. "एकमेकांना ओळखणारी माणसं. आपल्याकडं मतदार यादीत नाव गावाकडं आणि कचरा इथं."

हे मला लागलं. आमच्या यजमानांचं नाव कितीतरी वर्षं त्यांच्या गावच्याच यादीत होतं. तिथल्या सरपंचासाठी आम्ही गाडी करून जायचो आणि इथल्या ग्रामपंचायतीचं ऑफिस कुठल्या गल्लीत आहे ते माहीत नव्हतं.

पाण्याचं निघालं तशा आक्का पुन्हा पुढं सरसावल्या. औद्योगिक वसाहतीला पाणी जायकवाडीचं. या धरणाचा पाया लालबहादूर शास्त्रींनी १९६५ ला घातला, इंदिरा गांधींनी १९७६ ला ते लोकांच्या हवाली केलं. आक्कांची थोरली नणंद पैठणकडं दिलेली, तिचं गाव धरणात गेलं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. इकडं बिअरच्या कारखान्यांना पाणी कशाला म्हणून ओरड झाली आणि औरंगाबाद खंडपीठानं दारू कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली. त्या दिवसांत वसाहतीतल्या प्रत्येक ओट्यावर हाच विषय होता.

"नणंदेचं गाव पाण्यात गेलं, माझं रान कारखान्यात गेलं," आक्का म्हणाल्या. "तिचं पाणी, माझी जमीन अन् तुमचा पगार. आता तुम्ही म्हणता, इथं इतिहास नाही."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग वहिनींनी भिंतीवरून मेथीची अर्धी जुडी आक्कांकडं सरकवली. नाही म्हटलं तरी ही नुकसानभरपाईच होती.

पोराची पानं भरत आली होती. आता शीर्षक राहिलं. शहराचं नाव २०२३ ला अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, ते त्यानं कोपऱ्यात नीट लिहिलं. वर मोठ्या अक्षरात 'बजाजनगर' लिहायला घेतलं आणि आक्कांनी हात धरला.

"वडगाव लिही आधी."

"का?" वहिनी म्हणाल्या. "त्याचा जन्म बजाजनगरचा आहे."

"जन्मला कुठं? वडगावच्या शिवारात."

"शिवार होतं तेव्हा. आता वस्ती कुणाची जास्त आहे?"

"वस्ती कुणाच्या जागेवर हाये?"

नानांनी मध्यस्थी केली. ग्रामपंचायतीच्या नावात दोन्ही आहेत, वडगाव कोल्हाटी-बजाजनगर, मधी आडवी रेघ, तेच लिहावं. आक्का खूष, कारण आधी वडगाव. वहिनी नाराज, कारण नंतर बजाजनगर. मग त्यांनी वेगळीच पुडी सोडली : एवढी वस्ती झाली, आता ग्रामपंचायत कशाला, नगरपरिषद पाहिजे, मग नावही नवं ठरेल. आक्का उसळल्या. नगरपरिषद झाली की घरपट्टी वाढणार आणि ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारायची सोय जाणार. वहिनी म्हणाल्या, तुम्ही विचारलंत कधी? आक्का म्हणाल्या, दर वेळी विचारते. तुम्ही एकदा तरी आलात का?

मला मेहकरात असे वाद ऐकून सवय आहे. पार, शीव, मानाचा नारळ, पोळ्याला आधी कुणाचा बैल, यावरून तिथं पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद असतं. बजाजनगरात मात्र इतकी वर्षं आम्ही पाहुण्यासारख्या गोड वागलो. 'कशा आहात?' 'बऱ्या.' 'पाणी आलं का?' 'आलं.' भाड्याच्या जागेवरून कोण भांडतं? नाव आधी कुणाचं, यावर भरल्या मेथीनिशी उभं राहून तणतणायला माणूस तिथं रुजलेला लागतो. चोपड्याच्या वहिनींना हे सांगितलं असतं तर त्यांनी मलाही धरलं असतं, म्हणून गप्प बसले.

वाद मिटला नाही. येत्या ग्रामसभेला दोघी जाणार आहेत. आक्का नगरपरिषदेच्या विरोधात बोलणार, वहिनी बाजूनं. नानांना मधल्या खुर्चीवर बसायचं आहे. मी आधी मतदार यादीत माझं नाव कुठल्या गावचं आहे ते बघणार आहे, कारण आक्कांनी जाता जाता बजावलंय : ज्याचं नाव यादीत नाही, त्यानं भिंतीवरून बोलावं, सभेत नाही.